चोडण बेटाची फेरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात, पणजीजवळच्या रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटते, मांडवी नदी ओलांडते आणि काही मिनिटांत चोडणला लागते. आम्ही याच बेटावरचे. लोकांना लहान गटांत घेऊन बांधावरून चालतो, कांदळवनाच्या खाडीत होडी घालतो. पुण्या-मुंबईहून, कोल्हापुरातून, बेळगावातून फोन येतात तेव्हा जे प्रश्न विचारले जातात, त्यांची उत्तरं इथे सविस्तर लिहिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत. ती लांबण्यासारखीच होती.

फेरीत नेमकं काय बघायचं असतं?

चोडण तिसवाडी तालुक्यात, मांडवीच्या पात्रात आहे. तिसवाडी म्हणजे तीस वाड्यांचा मुलूख. बेटाच्या पश्चिम टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, 1.78 चौरस किलोमीटरचं. सलीम अली 1987 साली गेले आणि 1988 साली हे अभयारण्य झालं. ते बहुतेक सगळं कांदळवन आहे: दाट झाडी, मधून वाकड्यातिकड्या खाड्या, पाणी उतरलं की उघडा पडणारा काळा चिखल. उरलेल्या बेटावर माणसं राहतात. देवळं, चर्च, माडांची भाटं म्हणजे बागा, भातशेती असा हा भरलेला गाव आहे. आमच्या फेरीत दोन्ही असतं. एक तुकडा होडीतून, एक तुकडा पायी.

आम्हाला निसर्ग बघायचा आहे. शेतं आणि बांध कशाला दाखवता?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि याचंच उत्तर देण्यासाठी आम्ही ही फेरी सुरू केली.

चोडणची सखल जमीन खाजनाची आहे. खाजन म्हणजे भरतीच्या पातळीखाली असलेली, बांध घालून नदीकडून मिळवलेली जमीन. नदीचाच चिखल, पेंढा आणि जांभा दगड यांचा बांध घालायचा, त्यात ठरावीक जागी मानस बसवायची. मानस म्हणजे लाकडी झडपांचं दार. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने झडप आपोआप मिटते, ओहोटी लागली की आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. ना मोटर, ना वीज. जूनच्या पावसाने मातीतलं मीठ धुऊन जातं, मग कोरगुटसारखं खारं सोसणारं भात लावतात. कापणी झाली की खारं पाणी आत घेतात आणि त्याच शेतात मासळी, सुंगटं म्हणजे कोळंबी धरतात. एका जमिनीवर वर्षात दोन पिकं, एक भाताचं आणि एक नुस्त्याचं, म्हणजे मासळीचं.

हे सगळं गावाने मिळून राखायचं अशी गावकरीची रीत पोर्तुगीज येण्याआधीपासूनची. 1526 साली अफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने फोराल नावाच्या सनदेत तिसवाडीतल्या गावकऱ्यांच्या रूढी नोंदवून घेतल्या. बांध फुटला तर एका शेतकऱ्याचं नुकसान होत नाही, अख्खं खाजन बुडतं आणि खाऱ्या झालेल्या मातीतून मीठ निघून जायला काही पावसाळे जावे लागतात. म्हणून बांधाची डागडुजी हा कधी कुणा एकट्याचा मामला नव्हता.

आता पक्ष्यांकडे या. अभयारण्यातला बगळा भरतीच्या वेळी कुठे जातो? खाजनात. शेतातलं उथळ पाणी, पोय म्हणजे खाजनाच्या आतलं तळं, बांधाची कड, इथेच तो चरतो. बांध पडला तर पक्ष्याचं अर्धं ताट गेलं. त्यामुळे फक्त कांदळवन बघून परतणारा माणूस हे बेट अर्धंच बघतो असं आम्ही मानतो. बांधावरून चालायची तयारी नसेल तर आमची फेरी घेऊ नका, वनखात्याच्या परवानगीने नुसती होडीची फेरीही मिळते.

पण शेत सोडलं तर तिथे कांदळवन वाढतंच ना? ते चांगलंच की.

वाढतं. पणजीहून रायबंदरला येताना पोर्तुगिजांनी 1633-34 च्या सुमाराला बांधलेला लांब दगडी रस्ता लागतो, पोंत दे लिन्यारिश. त्याच्या कडेच्या मिठागरांकडे नजर टाका. जिथे मीठ पिकवणं थांबलं तिथे झाडी शिरली आहे. पडीक खाजनातही तेच होतं.

कांदळवन आम्हाला प्रिय आहे. ते लाटा अडवतं, गाळ धरून ठेवतं, माशांच्या पिल्लांना आसरा देतं. जुने लोक बांधाच्या बाहेरच्या अंगाला ही झाडं मुद्दाम राखत, म्हणजे लाटेचा पहिला मार झाडांवर पडे. पण बांधाच्या बाहेरचं कांदळवन आणि बांध फुटल्यामुळे आत आलेलं कांदळवन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलं गावाचं कवच. दुसऱ्याच्या मुळाशी कुणाचं तरी गेलेलं शेत आहे. कायद्याने दोन्हींना संरक्षण मिळतं, आणि मिळायलाच हवं, नाहीतर कुऱ्हाड घेऊन आलेला प्रत्येकजण तिथे शेत होतं असं सांगेल. 2011 च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांची वेगळी दखल घेतली आहे, त्यांचे नकाशे करा आणि तिथे बांधकाम होऊ देऊ नका, असं. पण बांधावर दरवर्षी चिखल चढवणारे हात अधिसूचनेने मिळत नाहीत. मुलं पणजीला नोकरीला गेली, मजूर मिळत नाही, भाताला भाव नाही. आम्ही ज्याला शाश्वत पर्यटन म्हणतो त्याचा खरा प्रश्न इथे आहे: बेटावर येणारा पैसा बांधापर्यंत पोचतो का?

मग पोचतो का? पैसे जातात कुठे?

फेरीचा खर्च चार ठिकाणी जातो. होडीवाल्याला फेरीमागे ठरलेली रक्कम मिळते, माणसं दोन असोत की आठ. ती डोक्यावर लावली असती तर त्याने जास्त माणसं कोंबली असती, यात त्याचा दोष नाही. वाटाड्या बेटावरचाच असतो. जेवण गावातल्या घरी होतं, तिथे पैसे थेट त्या घरच्या बाईच्या हातात देतो. चौथा हिस्सा वेगळा ठेवतो आणि पावसाळ्यापूर्वी ज्या शेतकऱ्यांच्या बांधावरून आपण चालतो त्यांना डागडुजीसाठी देतो. रक्कम मोठी नाही. एका फुटलेल्या बांधापुढे ती काहीच नाही, हेही खरं. पण ज्याच्या बांधावर पाय ठेवायचा त्याचं देणं लागतो, एवढं आम्ही धरून चालतो.

वनखात्याचं प्रवेशाचं तिकीट आणि कॅमेऱ्याचं शुल्क वेगळं पडतं, ते तिथल्या तिथे भरायचं.

गट आठ जणांचाच का? आम्ही बाराजण आहोत.

दोन होड्या, दोन वेगळ्या वेळा. एका होडीत बारा जण बसतील, पण खाडी अरुंद आहे. होडी जड झाली की इंजिन जास्त फिरवावं लागतं, लाट उठते, ती काठाच्या चिखलाला लागते. मांडवीतून जाणाऱ्या बार्जांच्या लाटांनी बांध कसे खचतात ते आम्ही बघतो. मग आपण तेच छोट्या प्रमाणात का करायचं? अरुंद खाडीत इंजिन बंद करून वल्ह्यावर जातो.

वेळ दर दिवशी वेगळी का सांगता? सकाळी सातला येऊ, असं ठरवता येत नाही?

नाही, कारण वेळ नदी ठरवते. दिवसाला दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि दर दिवशी ती साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. कोकणकिनाऱ्यावरचा जुना हिशेब अजून उपयोगी पडतो: तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पुनवेला-अवसेला बाराच्या सुमाराला. हिशेब ढोबळ आहे, नदीत आत शिरल्यावर वेळ थोडी सरकते, म्हणून आम्ही भरतीचं कोष्टकही बघतो. पण चालताना गप्पांत हा हिशेब लोकांना सांगितला की शहरातली माणसंही पंचांग काढून बसतात, आणि ते बघायला बरं वाटतं.

होडी आम्ही पाणी चढायला लागल्यावर सोडतो. त्या वेळी चिखल अजून उघडा असतो, पक्षी चरत असतात, आणि होडी रुतलीच तर थोड्या वेळात पाणीच तिला उचलतं. उतरत्या पाण्यात रुतलात तर सहा तास बसा. सुरुवातीच्या दिवसांत पाहुण्यांची गाडी चुकू नये म्हणून आम्ही उतरत्या पाण्यात होडी घातली होती. ती रुतली. बाहेर काढताना चिखलात उतरून आम्ही कांदळाची कोवळी रोपं तुडवली. ती जागा पुढे कितीतरी दिवस उघडी दिसत होती. त्यानंतर कुणाच्याही वेळापत्रकासाठी ते केलेलं नाही.

म्हणून पुनव-अवसेच्या जवळ आलात तर सकाळी लवकर होडी आणि मग चालणं. अष्टमीच्या आसपास आधी बांधावरची चाल, होडी दुपारनंतर. तारीख कळवा, आम्ही वेळ सांगू.

पक्षी कधी जास्त असतात?

ऑक्टोबर ते मार्च, त्यातही नोव्हेंबर ते फेब्रुवारी, कारण थंडीचे पाहुणे तेव्हा आलेले असतात. 12 नोव्हेंबर ही सलीम अलींची जयंती, महाराष्ट्रात त्याला जोडून पक्षी सप्ताह असतो, तेव्हा बरेच मराठी पक्षीमित्र इकडे येतात. खंड्यांचे कितीतरी प्रकार एकाच फेरीत दिसू शकतात, काळ्या टोपीचा, गळ्याला पांढरी पट्टी असलेला, लाल जाड चोचीचा. पाणकावळे पंख वाळवत बसलेले असतात. ढोकरी, बगळे, तुतवार, ब्राह्मणी घार तर नेहमीच्याच. क्वचित लहान क्षत्रबलाक दिसतो. चिखलात निवट्या, म्हणजे चिखलावर सरपटणारे छोटे मासे, उड्या मारतात आणि एक नांगी मोठी असलेले खेकडे ती नांगी हलवत असतात. लहान मुलं पक्ष्यांपेक्षा यांच्यातच जास्त रमतात.

यादीतला अमुक पक्षी दाखवाच असा आग्रह मात्र धरू नका. मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बाहेर काढणं आम्ही करत नाही आणि करू देत नाही. त्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा आला, तो चरणं सोडून भांडायला येतो. चार फोटोंसाठी त्याची शक्ती जाते. मासे फेकून घारी बोलावणंही नाही. ड्रोन तर नाहीच.

मगर दिसेल का? भीती आहे का?

मांडवी आणि जुवारी यांना जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत आणि अभयारण्याच्या खाडीतही कधी दिसते. ही गोड्या पाण्यात राहणारी जात, पण इथे खाऱ्या-मचूळ पाण्यात नांदते. हात पाण्याबाहेर ठेवा, होडीत उभे राहू नका, एवढं पाळलं की पुरे. फोंड्याकडच्या दुर्भाटच्या बाजूला शेतकरी पौष अवसेला खाजनात चिखलाची मगर घडवून तिची पूजा करतात, मानगे थापणी म्हणतात तिला. ज्या जनावराच्या शेजारी शेती करायची त्याला बांधाचा राखणदार मानणारी ही माणसं. पर्यटकांसाठी तो कार्यक्रम नव्हे, त्यामुळे आम्ही तिकडे गट नेत नाही.

पाणमांजरं, कोल्हे, मोठी वटवाघळंही बेटावर आहेत. पाणमांजराच्या पायाचे ठसे चिखलात दिसतात, खुद्द ते दिसणं नशिबाचा भाग.

झाडांना हात लावला तर चालतो?

विचारून लावा. तिवराचं पान उलटून बघा, झाडाने बाहेर टाकलेलं मीठ तिथे लागतं, जीभ लावलीत तरी चालेल. पण गेवा नावाचं झाड आहे, त्याचा पांढरा चीक डोळ्यांत गेला तर आग होते. चिखलातून वर आलेल्या पेन्सिलीसारख्या मुळ्यांवर पाय देऊ नका. दलदलीच्या मातीत हवा नसते, त्या मुळ्यांतून झाड श्वास घेतं.

सोबत काय आणायचं, काय नाही?

भरलेली पाण्याची बाटली, टोपी, मळकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, डासांसाठी काहीतरी, चिखलाला चालेल अशी चप्पल किंवा बूट, दुर्बीण असेल तर उत्तम. पाणी जेवणाच्या घरी पुन्हा भरून मिळतं. वेफर्सची पाकिटं आणि पाण्याच्या छोट्या बाटल्या आणू नका. खाडीत पडलेलं प्लास्टिक भरतीबरोबर कांदळाच्या मुळांत अडकतं आणि मग हाताने काढण्यावाचून उपाय नाही. आम्ही ते काढतो, म्हणून सांगतो. स्पीकर नको. दारू नको. हे दोन मुद्दे कुणाच्या वाढदिवसासाठीही बदलत नाहीत.

जेवण काय असतं? शाकाहारी मिळेल का?

मिळेल, एक दिवस आधी सांगा. उकड्या तांदळाचा भात, हुमण म्हणजे माशांची आमटी, सोलकढी, हंगामातली भाजी. गणेश चतुर्थीच्या दिवसांत खतखतं, म्हणजे मिश्र भाज्यांची आमटी. मासे खाडीतले असतात, शेवटे, सुंगटं, कधी तिसऱ्या. इसवण म्हणजे सुरमई हवीच असं म्हणणाऱ्यांना आम्ही नम्रपणे नाही म्हणतो. 1 जून ते 31 जुलै यांत्रिकी मासेमारी बंद असते, तेव्हा ताटात जे असेल ते खाडीचं किंवा सुकवलेलं असतं, आणि सुक्या सुंगटांची किसमूर, म्हणजे खोबरं घातलेली कोशिंबीर, खाल्लीत तर तक्रार राहणार नाही. ताटात टाकू नका, एवढंच मागणं.

पावसाळ्यात फेरी असते का?

होडी नसते. नदी गढूळ आणि जोरात असते. पण बांधावरची चाल असते, आणि आम्हाला विचाराल तर खाजन बघायचं ते जुलै-ऑगस्टमध्येच. लावणी चालू असते, मानशीवर पाणी खळाळत असतं. बांध निसरडा असतो, सांभाळून चालावं लागतं. लावणीच्या बायांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत.

यायचं कसं?

कोकण रेल्वेने आलात तर करमळीला उतरा. स्टेशनाच्या शेजारीच करमळीचं तळं आहे, थंडीत तिथेही पक्षी असतात, गाडी लवकर पोचली तर आधी ते बघा. पणजीहून रायबंदरला कदंबच्या म्हणजे सरकारी आणि खाजगी बसगाड्या आहेत. गाडी रायबंदरलाच ठेवून पायी फेरीबोटीत चढा. पायी माणसाला तिकीट नाही. बेटाचे रस्ते अरुंद आहेत, शनिवार-रविवारी बाहेरच्या गाड्यांची रांग लागली की गावातल्या माणसाला औषधाला पणजीला जायलाही धक्क्यावर ताटकळावं लागतं. मोटार न आणणं ही तुम्ही बेटासाठी करू शकाल अशी सगळ्यांत सोपी गोष्ट आहे. अभयारण्याचं तोंड चोडणच्या धक्क्याजवळच आहे, गाडी लागतच नाही.

गावात कुठल्या भाषेत बोलायचं? कसं वागायचं?

लोक कोंकणी बोलतात, मराठी बहुतेकांना कळते. घरापुढच्या बलकांवावर, म्हणजे ओसरीवर, कुणी बसलेलं असेल तर हात जोडा, दोन शब्द बोला. घरं जुनी आणि सुंदर आहेत, पण ती कुणाची तरी राहती घरं आहेत. अंगणात शिरून फोटो काढणाऱ्यांमुळे काही जणांनी फाटकाला कुलूप लावलं, याचं आम्हाला दुःख होतं.

बेटाच्या नावाची गोष्ट तुम्हाला कुणीही सांगेल. चूडामणी हे त्याचं जुनं नाव. माशेलचं देवकीकृष्णाचं देऊळ मूळचं इथलं, पोर्तुगीज काळात देव आधी मयेला आणि मग माशेलला गेला. आषाढात त्याच देवळापुढे चिखलकालो, म्हणजे चिखलात लोळून खेळायचा उत्सव, खेळतात.

दिवाडीलाही नेता का? आणि ग्रँड आयलंडला?

दिवाडी या शेजारच्या बेटावर मागणीप्रमाणे. जुन्या गोव्याहून, व्हाइसरॉयच्या कमानीखालून उतरून फेरीबोट मिळते. शिवाजी महाराजांनी 1668 साली नार्वेच्या ज्या सप्तकोटेश्वराचा जीर्णोद्धार केला, तो देव मुळात दिवाडीचा. मराठी पाहुण्यांना दिवाडी आणि नार्वे एका दिवसात जोडून बघायला आवडतं.

ग्रँड आयलंड या वास्कोजवळच्या समुद्रातल्या बेटावर नाही. तिथे पाण्याखाली प्रवाळ आहे आणि त्यावर नांगर टाकणाऱ्या, डॉल्फिनच्या मागे इंजिन लावणाऱ्या गर्दीत आम्हाला भर घालायची नाही. जायचंच असेल तर नांगर न टाकता बांधलेल्या बोयाला, म्हणजे तरंगत्या खुणेला, होडी लावणारा आणि डॉल्फिनपासून लांब इंजिन मंद करणारा होडीवाला शोधा, आधीच विचारा.

वयस्क माणसं, लहान मुलं येऊ शकतात?

मुलं सहा वर्षांवरची. लाईफ जॅकेट सगळ्यांना, पोहता येणाऱ्यांनाही. गुडघे दुखत असतील तर बांधाची चाल अर्ध्यावर आटोपता येते, वाटेत सावली आहे. होडीत चढताना एक उंच पायरी पडते, तिथे हात द्यायला माणूस असतो. चाकाची खुर्ची बांधावर चालत नाही, पण गावातल्या रस्त्यावरून मानशीपर्यंत नेता येते. तशी गरज असेल तर कळवा, मार्ग बदलू.

आयत्या वेळी रद्द झालं तर?

वादळी वारा किंवा वनखात्याची सूचना असेल तर आम्ही रद्द करतो आणि सगळे पैसे परत देतो. तुम्ही दोन दिवस आधी कळवलंत तरीही. आदल्या संध्याकाळी कळवलंत तर जेवणाचे पैसे परत मिळणार नाहीत, कारण तोवर तांदूळ भिजत पडलेले असतात आणि नुस्त्याचे पैसे दिलेले असतात.

भेटायचं कुठे?

रायबंदरच्या फेरीधक्क्यावर, ठरलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधी. वाटाड्याच्या हातात दुर्बीण आणि डोक्यावर पोफळीच्या विरीची टोपी असते. शौचालयाला इथेच जाऊन घ्या, खाडीत सोय नाही. मग पुढची फेरीबोट पकडायची.